तीन ग्रॅम तेल

लाओलाओ ‘थँक यू’ म्हणायची ते चिनी शब्दांत. ‘सान’ म्हणजे तीन, ‘ख’ म्हणजे ग्रॅम आणि ‘योउ’ म्हणजे तेल. सान-ख-योउ. डब्लिनच्या सँट्री भागातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये मी पहिल्यांदा तिच्यासाठी लिफ्टचं दार धरून ठेवलं, तेव्हा आत येऊन तिने माझ्याकडे बघत ‘तीन ग्रॅम तेल’ असं स्वच्छ सांगितलं आणि मला ते ‘थँक यू’च ऐकू आलं. हे तेलाचं प्रकरण मला पुढे तिच्या मुलीने, मेयने, समजावलं.

‘लाओलाओ’ म्हणजे आईची आई. मेयची छोटी टिंगटिंग तिला तशी हाक मारायची. ते ऐकून माझी मुलगी ईराही तशीच हाक मारायला लागली, आणि मग बिल्डिंगमध्ये ती सगळ्यांचीच लाओलाओ झाली. मेय औषधांच्या कंपनीत शास्त्रज्ञ होती आणि आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायची. टिंगटिंगचे वडील नोकरीसाठी सिंगापूरला होते. टिंगटिंगची शाळा सुरू झाली, तेव्हा तिला सांभाळायला लाओलाओ तीन महिन्यांच्या व्हिसावर उत्तर चीनमधल्या शेनयांगहून आली.

ती ठेंगणी होती, खांदे रुंद, केस कानाच्या वर कापलेले. चालायची अशी की समोरून येणारा आपोआप बाजूला व्हायचा. तरुणपणी ती बॉयलरच्या कारखान्यात वेल्डर होती. ठिणग्यांचे पांढुरके डाग तिच्या हातांवर कोपरापर्यंत होते. कारखाना बंद पडला, त्यानंतर नवरा गेला, आणि तिने शेनयांगच्या स्टेशनबाहेर गाडी लावून सारण भरलेले वाफाळते पाव विकले. त्या गाडीवर मेय वाढली, शिकली आणि डब्लिनला पीएचडीला आली. हे सगळं मला मेयकडून कळलं. लाओलाओ मागच्या गोष्टी सांगत बसणाऱ्यातली नव्हती. तिला पुढे काय करायचं आहे एवढंच तिच्या बोलण्यात असे.

आणि तिला करायचं होतं ते असं की या देशात एकटीने हिंडायचं.

मेयचा याला ठाम नकार होता. शाळेपर्यंत, दुकानापर्यंत, बागेपर्यंत ठीक. बसमध्ये बसायचं नाही. “तुला इंग्रजी येत नाही, आई. हरवलीस तर मी कामावरून येऊन कुठे शोधू?” असं ती म्हणायची. फोनमध्ये भाषांतराचं ॲप तिने स्वतः घालून दिलं होतं. चिनी बोललं की फोन इंग्रजी बोलायचा. लाओलाओने ते आठवडाभर वापरलं आणि बंद केलं. का, असं मी मेयला विचारलं, तर ती वैतागून म्हणाली, “तिचं म्हणणं असं की लोक फोनकडे बघून उत्तर देतात. ‘फोन बोलतो आणि मी पिशवीसारखी उभी राहते,’ म्हणते.”

तर लाओलाओने आपली सोय आपणच केली. एखादं इंग्रजी वाक्य ऐकलं की त्याच्या आवाजाला लागू पडतील अशी चिनी अक्षरं ती शोधायची आणि कागदाच्या पट्टीवर लिहून स्वयंपाकघरातल्या प्रेसच्या दारांवर चिकटवायची. इथे कपाटाला प्रेस म्हणतात. मेयच्या प्रेसची सगळी दारं अशा पट्ट्यांनी भरली होती. ‘हाउ मच’ला तिने ‘हाओ मा छ’ केलं होतं: चांगला घोडा खातो. ‘मॉर्निंग’ला ‘माओ निंग’: मांजर शांत आहे. ‘बस’ या शब्दाला चीनमधली शाळकरी मुलं गमतीने ‘बाप मेला’ अशा अर्थाची अक्षरं लावतात म्हणे. लाओलाओला ते अशुभ वाटलं. तिने ‘बा-श’ केलं, म्हणजे आठ सिंह. भाजी परतता परतता ती ही दारं वाचायची. एका हातात उलथनं, समोर आठ सिंह, शांत मांजर आणि जेवणारा घोडा. मला हसू आवरायचं नाही. तीही हसायची, पण वाचायची थांबायची नाही.

मेय हे बघून डोक्याला हात लावायची. “असं शिकू नये. आमच्या शिक्षिका यासाठी छडी मारायच्या,” ती म्हणायची. “उच्चार कायमचा बिघडतो.”

लाओलाओने यावर जे उत्तर दिलं ते मेयने मला नाखुशीनेच सांगितलं. “मला कुठे इंग्रज व्हायचंय? मला बसमधून उतरायचंय.”

सप्टेंबरमध्ये एका सकाळी टिंगटिंगला शाळेत सोडून ती कुणाला न सांगता शहराच्या बसमध्ये चढली. जाताना सगळं सुरळीत झालं. नदी बघितली, पूल ओलांडला, बाकावर बसून घरून नेलेली उकडलेली अंडी खाल्ली. यायच्या वेळी तिने एका बाईला आपल्या भागाचं नाव सांगितलं. मेयच्या तोंडून ऐकून तिने सँट्रीचं ‘सान-दे-ली’ केलं होतं. त्या बाईला वाटलं, हिला सँडीफर्डला जायचं आहे. तिने अगदी प्रेमाने, हात धरून, लाओलाओला ट्राममध्ये बसवून दिलं. सँट्री शहराच्या उत्तरेला, विमानतळाजवळ. सँडीफर्ड दक्षिणेचं दुसरं टोक. शेवटच्या थांब्यावर उतरल्यावर तिला डोंगर दिसले आणि कळलं की आपलं चुकलंय.

तिने काय केलं, तर त्याच ट्रामने उलटी आली, नदीवरचा तोच पूल शोधला आणि आपण उतरलो त्या थांब्यासमोरच्या थांब्यावर उभी राहिली. मग येईल त्या बसच्या ड्रायव्हरला विमानाची खूण करून दाखवत राहिली. टिंगटिंगची शाळा सुटली तेव्हा आजी नव्हती. शाळेतून मेयला फोन, मेयचा मला. मी दोघी मुलींना घेऊन आले आणि आम्ही बिल्डिंगच्या दाराशी थांबलो. लाओलाओ उतारावरून आली ती ताठ चालत. टिंगटिंगला बघितल्यावर मात्र ती खाली बसली आणि बराच वेळ तिला धरून राहिली. संध्याकाळी समोरच्या घरातून मेयचा आवाज येत होता.

दुसऱ्या दिवशी तिने माझी बेल वाजवली. हातात पेन आणि कागदाची पट्टी. “सान-दे-ली,” ती म्हणाली आणि दोन्ही हातांनी फुली केली. मग माझ्या तोंडाकडे बोट दाखवलं. मी दोनतीनदा ‘सँट्री’ म्हणून दाखवलं. तिने नीट ऐकलं आणि ‘नाही’ अशी मान हलवली. माझाही उच्चार तिला पुण्याचा वाटला असावा, आणि तो होताच. मग ती मला हाताला धरून खाली घेऊन गेली.

खाली ब्रीड होती. तळमजल्यावर एकटी राहणारी, सत्तरीची, इथेच जन्मलेली बाई. ती दिवसातून बऱ्याच वेळा मुख्य दाराबाहेर सिगारेट ओढायला उभी असायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याशी हवेबद्दल बोलायची. मी तिला थोडक्यात सगळं सांगितलं.

“सँडीफर्ड?” ब्रीड म्हणाली. “देवा रे. बिचारी.” मग सिगारेट विझवून लाओलाओसमोर उभी राहिली आणि म्हणाली, “सॅन-च्री.”

मी इतकी वर्षं या भागात राहते, पण त्यात ‘ट’ नाही, ‘च’ आहे, हे मला तेव्हा ऐकू आलं. लाओलाओचे डोळे चमकले. तिने भिंतीला टेकून पट्टीवर अक्षरं काढली आणि वाचली. “सान-छुए.” तीन फुंकरा.

“हेच ते,” ब्रीड म्हणाली. “आता तू माझ्यापेक्षा जास्त इथली आहेस.”

त्या दिवसापासून ब्रीडच्या सिगारेटच्या वेळा या लाओलाओच्या शिकवणीच्या वेळा झाल्या. ब्रीडने तिला थांब्यांची, गावांची नावं इथल्या तोंडाने शिकवली. बसमधून उतरताना ड्रायव्हरला ‘थँक्स’ म्हणायचंच, हेही शिकवलं. इथे सगळे म्हणतात. लाओलाओला ही रीत फार आवडली. अडचण एकाच बाबतीत आली. लाओलाओची प्रश्न विचारायची एक पद्धत होती: जागेचं नाव घ्यायचं, आणि मग “यस? नो?” असं विचारून समोरच्याला अडवायचं. लांबलचक उत्तर सुरू झालं की ती हाताचा पंजा वर करून थांबवायची आणि पुन्हा म्हणायची, “यस? नो?” पण आयरिश माणूस हो किंवा नाही म्हणत नाही. तो म्हणतो, “आहे ना,” “जाईल बहुतेक,” “तू काळजी करू नकोस.”

“यांना हो-नाही म्हणताच येत नाही का, असं आई विचारते,” मेय मला म्हणाली. तोवर तिचा राग थोडा निवळला होता.

मी हे ब्रीडला विचारलं. तिने विचार केला आणि म्हणाली, “वेल… यायला हवं.”

शेवटी लाओलाओनेच तोड काढली. “ग्रँड” हा शब्द ऐकू आला की ते ‘हो’ समजायचं. ‘गु-लान-द’. प्रेसच्या दारावर नवी पट्टी लागली.

मेयची बंदी मात्र उठली नव्हती. शिकायला हरकत नाही, बसमध्ये बसायचं नाही. लाओलाओ बंदी मोडत नव्हती. नात शाळेच्या दारात एकटी उभी राहिली, हे तिच्या मनाला लागलं होतं. पण रोज खाली जात होती.

ऑक्टोबरात मेय कामासाठी वॉटरफोर्डच्या कारखान्यात चार दिवस गेली. वॉटरफोर्ड देशाच्या आग्नेय टोकाला, बसने तीन तासांच्या आसपास. शुक्रवारी ती परतायची होती. शुक्रवारी सकाळी मुलींना शाळेत सोडून मी घरून काम करत बसले होते, तेव्हा तिच्या सहकाऱ्याचा फोन आला. रात्री मेयच्या पोटात जोराने दुखायला लागलं होतं. अपेंडिक्स फुटलं होतं. पहाटे तिथल्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं. ती बरी आहे, पण अजून गुंगीत आहे. काळजीचं कारण नाही, पण घरी सांगावं.

मी समोरची बेल वाजवली. लाओलाओ कणीक मळत होती. मी फोनवरचं ते ॲप उघडलं आणि सगळं बोलले. फोनने चिनीत सांगितलं. या वेळी तीही फोनकडेच बघत होती. ऐकून झाल्यावर तिने हात धुतले, पुसले आणि कोट घातला.

माझा नवरा तेव्हा पुण्याला गेला होता. माझ्याकडे गाडी होती, पण लर्नर परमिटवर मला हायवेला जाता येत नव्हतं. मी तिला फोनमधून सांगितलं की मेयचा सहकारी उद्या सकाळी येऊन तुम्हाला घेऊन जाणार आहे. तिने ऐकलं.

“टुडे,” ती म्हणाली.

“लाओलाओ, उद्या. टुमॉरो. कार.”

“टुडे. बा-श.”

मी म्हटलं, मी बरोबर येते. तिने भिंतीवरच्या टिंगटिंगच्या फोटोकडे बोट दाखवलं, मग माझ्याकडे. मुलगी घरी येईल तेव्हा तू इथे हवीस. मग ती फोन माझ्या हातातून घेऊन त्यात काहीतरी बोलली आणि फोनने मला ते इंग्रजीत वाचून दाखवलं: माझी मुलगी डोळे उघडेल तेव्हा तिथे घरचं माणूस असलं पाहिजे.

मी एका कागदावर हॉस्पिटलचं नाव, ‘मेय’ असं नाव आणि माझा नंबर लिहिला. मेयचं आडनाव लिहायला गेले तेव्हा लक्षात आलं, ते मला माहीतच नाही. इतकी वर्षं समोरासमोर राहून मला ती फक्त मेय होती. आम्ही खाली आलो. ब्रीड दारात होती. तिला सांगितलं. तिने लाओलाओचे दोन्ही हात धरले आणि सावकाश म्हणाली, “वॉ-ह-फर्ड. तिकडचे लोक ‘ट’ म्हणतील, आपले म्हणणार नाहीत. दोन्ही लक्षात ठेव.” लाओलाओने दोन्ही म्हणून दाखवलं. तिची वॉटरफोर्डची अक्षरं होती ‘वो-त-फो’. ‘मी’, ‘खास’, ‘बुद्ध’. ती अक्षरं तोंडातल्या तोंडात म्हणत लाओलाओ बस थांब्यावर उभी राहिली. बस आल्यावर चढली, आणि मागे वळून मला हाताने ‘जा, घरी जा’ अशी खूण केली.

पुढचं सगळं आम्हाला नंतर कळलं, काही तिच्याकडून, काही मेयकडून.

शहरात तिला वॉटरफोर्डची बस मिळाली. वाटेतल्या कार्लो गावाच्या पुढे ती बस रस्त्याकडेला थांबली. ड्रायव्हरने माईकवरून काहीतरी सांगितलं आणि निम्मे लोक सामान घेऊन उतरायला लागले. लाओलाओ उठून सरळ ड्रायव्हरपाशी गेली.

“वो-त-फो. यस? नो?”

तो बोलायला लागला. दुसरी बस येणार होती, काही लोक तिच्यात जाणार होते, असं काहीतरी. तिने पंजा वर केला.

“वो-त-फो. यस? नो?”

“तू इथेच बस गं, लव्ह. यू’र ग्रँड.”

तिला त्यातला शेवटचा शब्द कळला. ती जागेवर जाऊन बसली. पण मन शांत नव्हतं, म्हणून दर थोड्या वेळाने ती उठून पुढे जायची आणि तोच प्रश्न विचारायची. वॉटरफोर्ड आलं तेव्हा तो ड्रायव्हर खाली उतरला आणि स्वतः तिला टॅक्सीपर्यंत घेऊन गेला. “त्याला माझा कंटाळा आला होता,” असं तिने मेयला सांगितलं. मेयला तसं वाटलं नाही.

हॉस्पिटलच्या रिसेप्शनवर एक तरुण बाई होती. लाओलाओने माझा कागद पुढे केला.

“मेय,” बाई म्हणाली. “मेय काय? आडनाव?”

हे तिला कळलं. ती म्हणाली, “श्यू. श्यू मेय.” जसं जन्मापासून म्हणत आली होती तसं.

बाईने कॉम्प्युटरवर शोधलं. नव्हतं. “शू? बुटाचं शू?” तिने पुन्हा शोधलं. नव्हतं. तिने कुणाला तरी बोलावलं, दोघींनी मिळून शोधलं. लाओलाओ म्हणत राहिली, श्यू मेय, श्यू मेय, हळू, मग मोठ्याने. त्यांना काही केल्या कळेना. मागे रांग लागली. बाईने तिला खुर्ची दाखवली, बसा, मी बघते. लाओलाओ बसली नाही.

तिने मेयला पुढे सांगितलं की त्या क्षणी ती घाबरली होती. हरवली तेव्हा घाबरली नव्हती, तेवढी. वाटलं, पोरगी याच इमारतीत आहे आणि मी तिचं नाव घेतेय, तेच यांना चालत नाही.

मग तिला आठवलं की मेय फोनवर कामाचं बोलताना सुरुवात कशी करते. रोज ऐकायची ती, भाजी चिरताना. तिने काउंटरवर दोन्ही हात ठेवले आणि मेयच्या त्या आवाजात म्हणाली, “हाय, धिस इज मे झू.”

“मे झू!” बाई म्हणाली. “आहे ना. तिसरा मजला. तुम्ही तिच्या आई?”

‘आई’साठीचा इंग्रजी शब्द तिला येत होता. “मम,” ती म्हणाली.

मेयला वॉर्डात जाग आली तेव्हा तिचा हात कुणीतरी धरला होता. हातावर ते पांढुरके डाग होते. “मला वाटलं भूल अजून उतरली नाही,” मेय मला म्हणाली. “मी विचारलं, तुला कोणी आणलं? ती म्हणाली, आठ सिंहांनी.” एवढं सांगून मेय हसली आणि मग पोट धरून बसली, टाके ओढत होते म्हणून. पुढे ती म्हणाली, “आमचं ‘श्यू’ इंग्रजीत Xu असं लिहितात, इथले लोक ते ‘झू’ वाचतात. मी तेरा वर्षं इथे मे झू म्हणून राहते. मला त्या नावाची सवय झाली होती. आईच्या तोंडून ते ऐकायची वेळ येईल असं कधी वाटलं नव्हतं.”

ऐकायची वेळ खरं तर रिसेप्शनवरच्या बाईवर आली होती. पण तिला काय म्हणायचं होतं ते मला कळलं. माझं नाव अनघा. ऑफिसात मी ॲना आहे. पहिल्या आठवड्यात कुणीतरी तसं म्हटलं आणि मी दुरुस्त केलं नाही.

मेयला घेऊन परत आल्यावर लाओलाओने पहिली गोष्ट कोणती केली, तर माझी बेल वाजवली आणि माझ्या छातीकडे बोट दाखवून म्हणाली, “नेम.” ती इतके दिवस मला ‘आन-का’ म्हणत होती. मी म्हटलं, अनघा. ती म्हणाली, आनका. मी म्हटलं, चालेल. तिने दोन्ही हातांनी फुली केली. चालणार नव्हतं. ‘घ’ हा आवाज तिच्या भाषेत नाही. ती जिन्यात भेटली की ‘घ’ काढायचा प्रयत्न करायची, घशातून, छातीतून, खोकल्यासारखा. टिंगटिंग आणि ईरा हसून लोळायच्या. ईरा इथल्या मुलांसारखी इंग्रजीत म्हणायची, “ममा, शी साउंड्स लाइक अ ट्रॅक्टर.” एका दुपारी तो ‘घ’ जवळजवळ आला. मग मी तिचं नाव विचारलं. सुन ग्वेइलान. मला ते नीट म्हणायला तिच्यापेक्षा जास्त दिवस लागले, आणि तिने मला एकदाही सूट दिली नाही.

बंदी उठली, ती कुणी उठवली असं झालं नाही. मेय विश्रांतीला घरी होती, टिंगटिंगला शाळेतून आणायला आता ती होती. लाओलाओ सकाळी निघायची. समुद्र बघून यायची, बाजार बघून यायची. क्लोनडॉकिनचा जुना दगडी मनोरा बघून आली आणि खाली येऊन ब्रीडला मनोऱ्याची उंची हाताने दाखवली. ब्रीड आयुष्यात क्लोनडॉकिनला गेली नव्हती.

दिवाळीला माझी आई आली. आई इचलकरंजीची. ती माझ्याकडे याआधी दोनदा आली होती आणि दोन्ही वेळा महिनाभर खिडकीत बसून परत गेली होती. लाओलाओ आमच्याकडे फराळाला आली, चकली मोडून बघितली, खाल्ली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कोट घालून आईला न्यायला दारात उभी.

“ही कुटं न्यायलीय मला?” आई मला म्हणाली.

“फिरायला. हाउथला, समुद्रावर. तुला जायचं नसेल तर मी सांगते तिला.”

आईने लाओलाओकडे बघितलं. लाओलाओ आईच्या पायातल्या चपलांकडे बघत होती. मग तिने आमच्या शूजच्या रॅकमधून माझे बूट काढून आईपुढे ठेवले. आईने ते घातले. नऊवारीवर बूट, वर माझा रेनकोट. दोघी गेल्या.

मी कामात होते, पण लक्ष सगळं फोनकडे. त्या दुपारी परतल्या ते गाल लाल करून. आईने समुद्रात सील बघितला होता आणि कुणाच्या तरी हातच्या चिप्स खाल्ल्या होत्या.

“बोलत काय होता दोघी?” मी विचारलं.

“इंग्रजी,” आई म्हणाली.

“तुला कुठं येतं इंग्रजी?”

“तिचं समजतंय मला. तुमचं समजत न्हाई. तुमी लई भराभरा बोलतासा. ती एकेक शब्द असा ठिवती फुड्यात.” आईने हाताने टेबलावर वाट्या मांडल्यासारखं करून दाखवलं. “उतरताना त्या डायवरला काय म्हनायचं त्ये बी शिकवलं तिनं. म्या म्हनलं. त्यो हासला.”

त्यानंतर आई आणि ती रोज जायच्या. आई तिला ‘लावबाई’ म्हणायची. लाओलाओने हे मात्र दुरुस्त केलं नाही. त्यातलं ‘बाई’ काय, हे तिने मला विचारलं. मी सांगितलं, मानाने म्हणतात. तिने मान डोलावली, ठीक.

नोव्हेंबरच्या शेवटी तिचा व्हिसा संपला. विमानतळ आमच्यापासून जवळ. मेय, टिंगटिंग, मी, ईरा आणि आई असे सगळे सोडायला गेलो. ब्रीडने घराच्या दारातच निरोप घेतला. तिला विमानतळावर रडू येतं, असं ती म्हणाली. तिला दारातही ते आलंच.

लाओलाओला वाटेत एका मोठ्या विमानतळावर विमान बदलायचं होतं. मेयने तिकीट काढताना व्हीलचेअर मागून ठेवली होती. आपणही आईवडिलांसाठी तेच करतो. पाय धड असले तरी मागतो, म्हणजे कुणीतरी हाताशी राहतं, माणूस चुकत नाही. सुरक्षा तपासणीच्या दाराशी निळ्या जाकिटातला एक पोक्त माणूस खुर्ची घेऊन उभा होता. हातातल्या कागदावर त्याने नाव वाचलं.

लाओलाओने खुर्चीकडे बघितलं, मग मेयकडे. मेय चिनीत काहीतरी सांगायला लागली, भराभर, आणि सांगता सांगता रडायला लागली. लाओलाओने तिला बोलू दिलं. तिच्या ओढणीसारख्या स्कार्फची टोकं नीट केली. टाके होते त्या बाजूला हात लावून बघितला. मग टिंगटिंगचा मुका घेतला, ईराचा घेतला, आईचे हात हातात घेऊन थोडा वेळ उभी राहिली.

मग तिने आपली जड पिशवी उचलून खुर्चीत ठेवली आणि तिला खुर्चीचा पट्टा बांधला.

निळ्या जाकिटातल्या माणसाने मेयकडे बघितलं. मेयने डोळे पुसत मान डोलावली. तो खुर्ची ढकलायला लागला आणि लाओलाओ शेजारून चालायला लागली. मध्येच खुर्चीचं एक चाक अडकलं. लाओलाओने त्याला थांबवलं, वाकून चाकाकडे बघितलं, पायाने एक ठोका दिला. चाक सुटलं. तो हसून काही म्हणाला. तिने त्याला हलकेच बाजूला केलं आणि मूठ आपल्या हातात घेतली.

वळणापाशी आम्हाला ती दिसली तेव्हा खुर्ची ती ढकलत होती, आणि तो माणूस रिकाम्या हातांनी तिच्याबरोबर चालला होता, तिच्या वेगाने जमेल तसा.